पाठ संपल्यावर

टाचणवही तुमच्या चांगल्या परिचयाची आहे. उद्या काय शिकवायचे ते आज तीत लिहायचे आणि वरिष्ठांनी त्यावर सही करायची. पण पाठ होऊन गेल्यावर, तो कुठे रंगला, कुठे फसला आणि का फसला, हे लिहायला त्या वहीत जागा किती? प्रश्न साधा दिसतो खरा. पण परकी भाषा शिकवणारे शिक्षक घडवण्याचा इतिहास या प्रश्नापाशी येऊन वळला आहे.

आपल्या देशात १९५० नंतर बरीच वर्षे इंग्रजीचा शिक्षक तयार करण्याची रीत ठरलेली होती. वाक्यरचना सोपीपासून अवघडापर्यंत ओळीने लावायच्या, तज्ज्ञाने आदर्श पाठ द्यायचा आणि शिक्षकाने तो आपल्या वर्गात जसाच्या तसा उतरवायचा. मग 'धिस इज अ पेन, दॅट इज अ पेन' असा घोष सुरू! १९५९ पासून मद्रास राज्यात तर या पद्धतीची मोठी मोहीमच निघाली. थोड्यांना शिकवावे, त्यांनी पुढच्यांना शिकवावे, म्हणून तिला 'बर्फाचा गोळा' असे नाव पडले. हेतू चांगलाच होता. पण असा गोळा घरंगळत खाली येईतो पद्धतीमागची कारणे गळून जातात आणि शिक्षकाच्या हाती नुसते हातवारे उरतात, बरं का.

पुढे बंगळूरच्या प्रादेशिक इंग्रजी संस्थेत या रीतीबद्दल असमाधान बोलले जाऊ लागले. वर्गात बिनचूक म्हटलेली वाक्ये मुलांना वर्गाबाहेर का वापरता येत नाहीत? मद्रासच्या ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे एन. एस. प्रभू यांनी सहकाऱ्यांसह १९७९ ते १९८४ या काळात दक्षिणेतील काही शाळांत एक प्रयोग केला. वाक्यरचनांची यादी त्यांनी बाजूला ठेवली. आगगाडीचे वेळापत्रक किंवा नकाशा मुलांपुढे ठेवून इंग्रजीतून कोडी घालायची. आधी एक कोडे साऱ्या वर्गाने शिक्षकाबरोबर सोडवायचे, मग तसेच दुसरे ज्याचे त्याने.

आता खरी गंमत पाहा. कोडे फार सोपे की फार अवघड, हे आधी सांगणार कोण? त्यांनी ते वर्गालाच विचारले! निदान निम्म्या मुलांना निदान निम्मे काम जमले, तर कोडे योग्य. नाहीतर पुढच्या पाठात बदल. कुणी शिकवत असताना इतरांनी पाहायचे आणि पाठ संपल्यावर सर्वांनी मिळून खल करायचा. पद्धत वरून आली नाही. ती अशा मागे वळून पाहण्यातून हळूहळू घडली.

या विचाराची मुळे जुनी आहेत. अमेरिकेतील जॉन ड्यूई यांनी १९१० साली लिहिले होते की खरा विचार अडचणीपाशी सुरू होतो. डोनाल्ड शोन यांनी १९८३ मध्ये हीच दृष्टी निरनिराळ्या व्यवसायांना लावली आणि १९९१ मध्ये मायकेल वॉलेस यांनी ती परकी भाषा शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणली. प्रभूंनी १९९० च्या लेखात तर सांगून टाकले की सर्वोत्तम अशी पद्धतच नसते. शिकवण्याचा शत्रू वाईट पद्धत नव्हे, यांत्रिकपणा. मला हे फार पटते. तुमची नवी पद्धतही दोन वर्षांत घोकंपट्टी होऊ शकते!

मात्र या प्रयोगाची दुसरी बाजू झाकून ठेवू नये. बरेचसे पाठ शाळेतल्या नेहमीच्या शिक्षकांनी नव्हे, तर खास तयारीच्या मंडळींनी घेतले होते. ॲलन बेरेटा यांनी १९९० मध्ये तपासून दाखवले की नेहमीच्या शिक्षकांमध्ये ही दृष्टी तितकीशी मुरली नव्हती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांपुढे हीच अडचण उभी राहिली. दोनशिक्षकी शाळेत मागच्या बाकावर बसून तुमचा पाठ पाहणार कोण? दुसरे गुरुजी तर त्या वेळी शेजारच्या खोलीत तिसरी आणि चौथी एकत्र घेऊन बसलेले असतात.