जालन्याचे मनोरुग्णालय: उपचार आले तेव्हा इस्पितळ गेले होते

परभणीहून मनमाडकडे जाणारी गाडी सेलू, परतूर करीत जालन्याला पोहोचते. निजामाच्या काळात ही मीटरगेज वाट सुरू झाली तेव्हा परतूरसुद्धा परभणी जिल्ह्यातच होते. याच वाटेवर, जालन्यात, हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय होते. मराठवाड्याच्या इतिहासलेखनात त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो, म्हणून हा धागा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संस्थानातील वेडसर माणसांना हैदराबादच्या तुरुंगात ठेवले जाई. पुढे त्यांची व्यवस्था जालन्यात झाली. तुरुंगातून इस्पितळात येणे ही मोठी पायरी होती. पण आत गेल्यावर उपचार कोणता?

ज्याला आपण आज स्किझोफ्रेनिया किंवा छिन्नमनस्कता म्हणतो, ते नाव स्वित्झर्लंडच्या ब्लॉयलरने १९०८ मध्ये दिले. त्याआधी जर्मनीच्या क्रेपेलिनने या आजाराला अकाली आलेला बुद्धिभ्रंश मानले होते. नाव मिळाले, औषध नव्हते. भारतातील अशा इस्पितळांत ब्रोमाइड, पॅराल्डिहाइड यांसारखी गुंगीची औषधे, बागकाम, विणकाम आणि कुलूप एवढाच आधार असे. १९३३ नंतर इन्सुलिन देऊन बेशुद्ध करण्याची आणि १९३८ नंतर विजेच्या झटक्याची पद्धत युरोपातून पसरली. त्यांपैकी विजेचा उपचार, भूल देऊन, आजही टिकून आहे. इन्सुलिनचा मागे पडला.

जागेचा प्रश्न तर त्याहून बिकट. भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४० हजार लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट होती. इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे एक. अशा काळात परभणीच्या एखाद्या कुटुंबाला रुळाने काही तासांवर मनोरुग्णालय असणे ही साधी गोष्ट नव्हती. बाकीच्यांना देवऋषी, नाही तर घरातली साखळी.

आता १९५२. पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझिन मनोरुग्णांवर वापरून त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. भ्रम आणि भास ओसरू लागले, माणसे घरी परतू लागली. जवळपास त्याच सुमारास सर्पगंधेपासून मिळालेले रेसरपिनही अमेरिकेत या आजारासाठी वापरात आले. (कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी सर्पगंधेचा वेडावरील उपयोग १९३१ मध्येच नोंदवला होता. जगाने तो तेवीस वर्षांनी ऐकला.)

आणि नेमके १९५३ मध्ये जालन्याचे मनोरुग्णालय हैदराबादला, एर्रागड्ड्याला हलवण्यात आले. राज्य तेव्हा एकच होते. राजधानीत वैद्यकीय महाविद्यालय होते. कारभाराच्या दृष्टीने निर्णयात वावगे काही नव्हते. परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि इस्पितळ आंध्र प्रदेशात राहिले. कोणी हिरावून घेतले नाही. सीमारेषा मधून गेली. माझ्या मते हेच अधिक दुर्दैवी, कारण जाब विचारायला समोर कोणी उरत नाही.

औरंगाबादला १९५६ मध्येच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मात्र महाराष्ट्राची चार प्रादेशिक मनोरुग्णालये नागपूर, येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी येथे, सर्व मराठवाड्याबाहेर. परभणीच्या रुग्णाला दाखल करायचे तर नातेवाइकांनी पुण्याची किंवा नागपूरची वाट धरायची, तीही मजुरी बुडवून. गोळ्या सुटू नयेत म्हणून दरमहा जायचे असते, हे त्या हिशेबात कुठे बसते?

अलीकडे शासनाने मराठवाड्यासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर केले. जागा: जालना.