मीटर नसतानाचा प्रकाश

प्रकाशमापकाविना चित्रीकरण करणाऱ्या चित्रपट उद्योगाचे एक केंद्र १९१२ ते १९१६ या काळात कॅलिफोर्नियातील नाइल्स या गावी होते. हे गाव १९५६ मध्ये इतर चार गावांसह फ्रीमाँट शहरात विलीन झाले. शिकागोच्या ‘एसने’ या चित्रपट कंपनीचे भागीदार गिल्बर्ट अँडरसन यांनी १९१३ मध्ये येथे स्टुडिओ बांधला. पुढच्या तीन वर्षांत तेथे शेकडो मूकपट तयार झाले. चार्ली चॅप्लिन यांचा ‘द ट्रॅम्प’ (१९१५) त्यांपैकीच.

त्या कॅमेऱ्यांत मीटर नव्हता. तरीही छायाचित्रकार केवळ अंदाजावर विसंबत, असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. कॅमेऱ्याचे हँडल सेकंदाला दोनदा फिरवले की सोळा चौकटी उमटत. शटर अर्धे उघडे असल्यास प्रत्येक चौकटीला १/३२ सेकंद उजेड मिळे. वेळ अशी हाताच्या लयीने बांधलेली असल्याने ठरवायचे उरे ते भिंगाचे छिद्र. हँडलचा वेग वाढला की उजेड कमी पडे, म्हणून ती लय साधणे हाच पहिला धडा होता. नाइल्समध्ये कॅमेरा शिकलेले रोलंड टॉथरो १९१६ पासून अनेक वर्षे चॅप्लिन यांचे छायाचित्रकार होते.

दुसरा आधार फिल्मचा होता. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे आणि लाल ओठ काळे उमटत, पण डार्करूममध्ये लाल दिवा लावून निगेटिव्ह उमटताना डोळ्यांनी पाहता येई. गडद होऊ लागली की ती लवकर बाहेर काढत, फिकी असली तर आणखी ठेवत. चित्रीकरणातली चूक अशी बऱ्याच अंशी सावरली जाई. संध्याकाळचा पिवळा उजेड मात्र फसवा असे: डोळ्याला पुरेसा वाटे, फिल्मला पुरत नसे.

नेमक्या याच काळात, १९१३ मध्ये, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. तेथेही भिस्त सूर्यावरच होती. सरस्वतीबाई फाळके पांढऱ्या चादरी धरून ऊन पात्रांवर परतवीत आणि फिल्म धुण्याचे कामही पाहत. या कामाला मराठी चित्रपटाच्या इतिहासात अजून पुरेसे स्थान मिळालेले नाही.

नाइल्सचा स्टुडिओ १९१६ मध्ये बंद पडला. विसाच्या दशकात आलेल्या पँक्रोमॅटिक फिल्मला तांबडाही दिसू लागला आणि लाल दिव्याची सोय संपली. १९३२ मध्ये वेस्टन कंपनीने सेलेनियमच्या घटाचा प्रकाशमापक बाजारात आणला. पुढे मीटर कॅमेऱ्यातच बसू लागला.

जुन्या कॅमेऱ्यांत आता तोच भाग आधी निकामी होतो. सेलेनियमचा घट वयाने मंदावतो. साठच्या दशकातील अनेक मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चालत. ती मिळेनाशी झाल्याने १.५ व्होल्टची बॅटरी घातली, तर काटा चुकीचे दाखवू शकतो. शटर व छिद्र यांत्रिक असल्यास कॅमेरा मात्र वापरता येतो. लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ ठेवून शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याजवळचा धरतात: ४०० च्या फिल्मला १/५०० सेकंद. मोकळ्या सावलीत उभ्या माणसासाठी छिद्र साधारण तीन स्टॉप उघडून एफ/५.६ वर आणावे लागते. निगेटिव्ह फिल्म एक-दोन स्टॉप जास्तीचा उजेड सहन करते. स्लाइड फिल्म करत नाही, म्हणून तिच्यावर त्याच दृश्याच्या कमीजास्त उजेडाच्या दोन-तीन चौकटी घेतात.