ऑनलाइन दुकानाचे स्थलांतर : रूप नवे, नोंदी जुन्याच

छत्रपती संभाजीनगर - गुलमंडी वा पैठणगेट परिसरातील व्यापारी दुकानाची जागा बदलतो तेव्हा फळ्या, काचा, रंग नवे होतात. खतावणी मात्र जुनीच सोबत नेली जाते. संकेतस्थळावरून हिमरू शाली किंवा पैठण्या विकणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो. त्यांची खतावणी म्हणजे डेटाबेस. माल, ग्राहक, पत्ते आणि मागण्या यांच्या साऱ्या नोंदी त्यात असतात.

ऑनलाइन दुकानांसाठीची 'ओएसकॉमर्स' ही मुक्त प्रणाली हॅराल्ड पोन्से दे लिओन यांनी मार्च २००० मध्ये जर्मनीत सुरू केली. तिच्या २.२ या आवृत्तीत पानाची मांडणी आणि हिशेबाची आज्ञावली एकाच फाईलमध्ये गुंतलेली असे. मथळ्याची पट्टी बदलायची तरी आज्ञावलीत हात घालावा लागे. २००३ मध्ये तिच्यातून फुटून निघालेल्या 'झेन कार्ट'ने रूपाचा साचा, म्हणजे टेम्प्लेट, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला. जुन्या दुकानांना स्थलांतर आज टाळता येत नाही, याचे कारण मात्र निराळेच आहे. ही दुकाने डेटाबेसशी बोलण्यासाठी पीएचपीच्या ज्या आज्ञा वापरत, त्या डिसेंबर २०१५ मधील पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आल्या.

काम वरवर सोपे दिसते. जुन्या डेटाबेसची संपूर्ण प्रत काढावी, नवी प्रणाली वेगळ्या जागी बसवावी आणि नोंदी तिच्यात भराव्यात. मालाची छायाचित्रे डेटाबेसमध्ये नसतात, तेथे फक्त फाईलचे नाव असते; तेव्हा छायाचित्रांचे फोल्डर स्वतंत्रपणे हलवावे लागते. तक्त्यांची नावे दोन्हीकडे सारखी दिसली तरी रकाने जुळतीलच असे नाही. पत्त्यात राज्याचे नाव नव्हे, तर क्रमांक साठवलेला असतो. जुन्या यादीतील महाराष्ट्राचा क्रमांक नव्या यादीत दुसऱ्याच राज्याचा असू शकतो. तसे झाल्यास कर आणि टपालखर्च दोन्ही चुकतात, आणि पडद्यावर कोणतीही त्रुटी झळकत नाही.

मराठी दुकानदाराची खरी परीक्षा अक्षरांची. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० या आवृत्तीपर्यंत मूळ अक्षरसंच 'लॅटिन-१' हा होता. त्यात देवनागरी भरली तरी संकेतस्थळावर ती नीट दिसे, कारण मध्ये कोणी रूपांतर करीत नसे. निर्यात करताना मात्र ते रूपांतर होते आणि एकेका चिन्हाच्या जागी तीन-तीन विचित्र युरोपीय खुणा उमटतात. उपाय असा, की निर्यातीच्या वेळी 'लॅटिन-१' हाच संच सांगून रूपांतर रोखावे, नंतर फाईलमधील संचाचे नाव 'यूटीएफ८एमबी४' करून ती आत घ्यावी. खुणांऐवजी प्रश्नचिन्हे उमटली असतील तर त्या प्रतीतील मजकूर कायमचा गेला असे समजावे. आणखी एक मेख आहे. मालाच्या नावासाठी ६४ स्थानांचा रकाना असे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, तीन स्थाने घेते. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे. त्याहून लांब नावे जुन्या दुकानातच तुटलेली असतात. दोष उगाच स्थलांतराला दिला जातो.

शहराच्या नामांतराने २०२३ पासून या कामात स्थानिक भर घातली आहे. शहराचे नाव ग्राहकाने स्वतः टंकलेले असल्याने जुन्या डेटाबेसमध्ये 'औरंगाबाद'ची नाना रूपे सापडतात. एका आज्ञेने सगळीकडे नवे नाव घालण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास बिहारमधील औरंगाबादचे ग्राहकही मराठवाड्यात येऊन बसतील. बदल करायचा तो पिनकोड पाहून : ४३१००१ येथला, ८२४१०१ तिकडचा. शिवाय तो ग्राहकाच्या पत्तापुस्तिकेपुरताच करावा. मागण्यांच्या तक्त्यात पत्त्याची त्या दिवशीची वेगळी नक्कल असते. ती बिलाचा आधार असल्याने तिला हात लावू नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात. बिलांचा अनुक्रमही एका आर्थिक वर्षात अखंड हवा. नव्या दुकानात मागणी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाला आणि बिले त्यावरच बेतलेली असली तर तो बिघडतो.

पासवर्ड जसेच्या तसे साठवलेले नसतात, त्यामुळे ते उलगडून नव्या पद्धतीत बसवता येत नाहीत. नवी प्रणाली जुनी पद्धत ओळखत नसेल, तर ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचा ई-मेल आधीच धाडलेला बरा.

अंतिम बदल रात्री, मागण्या थांबवून करावा आणि तालीम त्याआधी प्रतीवर घ्यावी. दोन्हीकडील ग्राहक, मागण्या आणि एकूण रक्कम यांचे आकडे जुळल्याशिवाय जुना डेटाबेस पुसू नये.