करंजाचं तेल आणि जुनं इंजिन

डिझेलचा भाव वाढला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: करंजाच्या तेलावर जुना टेम्पो, जुना ट्रॅक्टर चालतो म्हणतात, ते खरं का? आज आम्ही त्याचीच जुनी हकीकत सांगणार आहोत.

डिझेल हे मुळात माणसाचं नाव. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरचं इंजिन १८९७ साली नीट चाललं. पुढे १९०० साली पॅरिसला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे त्याच्या पद्धतीचं एक लहान इंजिन चक्क शेंगदाणा तेलावर चालवलं गेलं. ते इतकं सुरळीत चाललं, की बघणाऱ्या फारच थोड्यांना त्याचा पत्ता लागला. ही कल्पना फ्रेंच सरकारची. त्यांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग उदंड पिकायचा. पण खनिज डिझेल स्वस्तात मिळू लागलं आणि इंजिनं त्याच पातळ तेलाच्या बेताची बनत गेली.

अडचण तिथेच आहे. बियांचं तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असतं. ते तसंच ओतलं तर आज गाडी चालेल, पण काही दिवसांनी नोझल चोंदतं आणि आत काजळीची पुटं बसतात. यावर उपाय काढला शावान नावाच्या बेल्जियन संशोधकाने. १९३७ साली त्याने पेटंट घेतलं. तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया केली की ते पातळ होतं. १९३८ साली ब्रुसेल्स ते लूव्हेन अशी प्रवासी बस अशा पाम तेलावर धावली. तेच आजचं बायोडिझेल. आता तेलात मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालतात. ग्लिसरीन तळाशी बसतं, इंधन वर राहतं. साबण करणाऱ्या बायांना हे ओळखीचं वाटेल. पण घरी करून बघू नका! मेथॅनॉल विषारी असतं, भडकन पेटतं, आणि उन्हात त्याची ज्वाळा दिसतसुद्धा नाही.

आपल्याकडे २००२ च्या डिसेंबरात दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालवून पाहिली. मग मोगली एरंडाचा गाजावाजा झाला. पडीक जमिनीवर भरघोस बी येईल असं सांगितलं गेलं. तेवढं आलं नाही.

आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती पॉवरगुड्याची गोष्ट. आपल्या चंद्रपूर-यवतमाळला लागून असलेल्या तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं हे आदिवासी गाव. तिथल्या बचत गटांच्या बाया करंजाचं बी गोळा करून स्वतःच्या गिरणीत तेल काढत. डिझेलऐवजी हे तेल वापरलं की पुढच्या दहा वर्षांत जेवढा धूर वाचेल, त्याचा हिशेब १४७ टन कार्बन डायऑक्साइड असा निघाला. २००३ साली जागतिक बँकेने त्याचे ६४५ डॉलर गावाला दिले. रक्कम मोठी नाही. पण बी, गिरणी आणि हिशेब तिन्ही बायांच्या हातात होतं. एक लिटर तेलाला साधारण चार किलो बी लागतं, आणि उरलेली पेंड शेताला खत होते. नुसतं बी व्यापाऱ्याला विकलं तर पेंडही जाते.

आता जुन्या गाडीचं. नव्या इंजिनांपेक्षा जुनी इंजिनं हे इंधन जास्त सोसतात, हे खरं. मात्र जुन्या नळ्या आणि सील साध्या रबराचे असतील तर ते फुगतात, मग गळती लागते. बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि तो जाऊन फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून सुरुवात थोड्या मिसळीने करायची आणि एक जादा फिल्टर जवळ ठेवायचा. ॲव्हरेजही जरा कमी पडतं, तेव्हा लिटरमागे दोन-तीन रुपये वाचले म्हणून हुरळून जाऊ नये. ते महिनोन् महिने साठवूनही ठेवू नये, पाणी धरतं आणि खराब होतं.

रस्त्याकडेला फारच स्वस्तात ‘बायोडिझेल’ मिळालं तर आधी पावती मागा. त्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेलं विकली जातात. २०२१ साली गुजरातेत त्यासाठी छापे पडले होते. पावती द्यायला विक्रेता का-कू करू लागला, तर टेम्पो तसाच पुढे न्या.