चाल आणि ध्वनी : ए. आर. रहमान यांची कारकीर्द

मराठीत चित्रपटगीताविषयी लिहिताना ‘चाल’ मध्यवर्ती मानण्याची प्रथा आहे. संगीतकार चाल लावतो, संयोजक तिच्यासाठी वाद्यमेळ बांधतो आणि ध्वनिमुद्रक ते सारे फितीवर उतरवितो. ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटाचे संगीत गोविंदराव टेंब्यांचे; त्या संस्थेतील ध्वनिलेखनाची बाजू मात्र विष्णुपंत दामले सांभाळीत. चेन्नईच्या ए. आर. रहमान यांच्यापाशी ही विभागणी मोडते. त्यामुळे केवळ चालींवरून त्यांचे मूल्यमापन करणे अपुरे ठरते.

रहमान यांचा जन्म १९६७ चा, मद्रासमधील. मूळ नाव दिलीप कुमार. वडील आर. के. शेखर मल्याळम चित्रपटांचे संगीतकार व संयोजक होते. १९७६ मध्ये ते वारले तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. घरातील वाद्ये भाड्याने देऊन कुटुंबाने दिवस काढले. वाद्य हे या घरात आधी पोटाचे साधन होते, ही गोष्ट चरित्रकार सहसा घाईने ओलांडतात. पुढे रहमान यांनी इलयाराजांसह अनेकांच्या वाद्यवृंदात की-बोर्ड वाजविला, जाहिरातींना संगीत दिले आणि १९८९ मध्ये कोडंबाक्कम येथे घराच्या आवारातच ‘पंचतन रेकॉर्ड इन’ हा स्टुडिओ उभारला.

मद्रासच्या जुन्या पद्धतीत गायक आणि मोठा वाद्यवृंद एकत्र ध्वनिमुद्रण करीत; एक वादक चुकला की सर्वांना पुन्हा आरंभ करावा लागे. बहुपथ ध्वनिमुद्रणामुळे ही सक्ती सैल झाली होती. संगणकाने ती जवळपास संपविली. रहमान रात्री काम करीत, गायकाकडून एकच ओळ अनेक तऱ्हांनी गाऊन घेत आणि त्यांतून गीताची बांधणी नंतर ठरवीत. ‘रोजा’ (१९९२) मध्ये मणिरत्नम यांच्या प्रेक्षकांनी जे नवे ऐकले, ते या कार्यपद्धतीचे फळ होते. तिची किंमत अर्थात वृंदवादकांनी मोजली. यंत्राने त्यांचे काम घटविले. परंतु पूर्वी अनामिक राहणाऱ्या वादकांची व ध्वनितंत्रज्ञांची नावे कॅसेटच्या वेष्टनावर छापण्याचा आग्रहही रहमान यांनीच धरला, हेही नोंदविले पाहिजे.

त्या नावांत एच. श्रीधर यांचे नाव सतत आढळते. एकटा संगीतकार आणि त्याची यंत्रे, हे रहमान यांच्याविषयीचे लोकप्रिय चित्र या नावापुढे टिकत नाही. ‘रोजा’पासून त्यांच्या गीतांचे ध्वनिमिश्रण बव्हंशी श्रीधर यांचे आहे. ‘जिया जले’साठी लता मंगेशकर चेन्नईला येऊन गायल्या, तो ‘दिल से’ (१९९८) आणि आशुतोष गोवारीकरांचा ‘लगान’ (२००१) या दोन्ही चित्रपटांच्या ध्वनीसाठी श्रीधर यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले, ‘लगान’चा नकुल कामटे यांच्यासमवेत.

२००८ मध्ये रहमान यांनी चेन्नईत के. एम. संगीत विद्यालय स्थापिले; तेथे गायन-वादनाबरोबर ध्वनितंत्रही शिकविले जाऊ लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात श्रीधर निवर्तले. ‘स्लमडॉग मिलिऑनेअर’ला फेब्रुवारी २००९ मध्ये मिळालेली संगीताची दोन ऑस्कर पारितोषिके रहमान यांच्या नावे आहेत, गीताचे गुलजार यांच्यासह. ग्रॅमीच्या नियमांत मात्र ध्वनितंत्रज्ञालाही स्थान असते. म्हणून २०१० मध्ये त्याच ध्वनिमुद्रिकेच्या सन्मानात रहमान यांच्यासोबत पी. ए. दीपक आणि दिवंगत श्रीधर यांचीही नावे आली.