दुखरा गुडघा आणि पुनर्जनन उपचार: अभ्यासकांसाठी प्रस्तावना

परभणी जिल्ह्यात पेरण्या आटोपल्या की खुरपणी लागते. सोयाबीनच्या तासात बायका उकिडव्या बसतात आणि न उठता, एकेक पाय पुढे सरकवत, या बांधापासून त्या बांधापर्यंत जातात. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि ती दिवसभर वाकूनच करावी लागते. उकिडवे बसल्यावर गुडघ्याच्या वाटीमागे शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब पडतो. हे काम वीस-तीस वर्षे केलेली बाई दवाखान्यात येते तेव्हा एक्स-रे पाहून तिला सांगितले जाते, ‘गादी झिजली.’ तिचा प्रश्न ठरलेला असतो: ‘मग वाटी बदलावी लागणार का?’ गोळ्या आणि शस्त्रक्रिया यांच्या मधल्या जागेत आज पुनर्जनन उपचार, म्हणजे झिजलेली ऊती शरीराकडूनच दुरुस्त करून घेऊ पाहणारे उपचार, उभे आहेत. या विषयात नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्यांचे, डॉक्टरांचे आणि जिज्ञासू वाचकांचे मनापासून स्वागत.

सुरुवात या गादीपासून, म्हणजे कूर्चेपासून करू या, कारण सगळी अडचण तिच्यात आहे. गुडघ्यातील हाडांच्या टोकांवरचा हा गुळगुळीत थर जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, पेशीही विरळ. सांध्यातील द्रवावरच तिचे पोषण चालते, आणि सांधा हलला, दाबला, सुटला तरच तो द्रव आतबाहेर होतो. जखम भरायची तर आधी तिथे रक्त पोहोचावे लागते. इथे ते पोहोचतच नाही. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, ही गोष्ट शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. पुनर्जनन वैद्यकातील बहुतेक प्रयत्न या जुन्या निरीक्षणाला दिलेली उत्तरे आहेत.

त्यांतले सर्वांत ओळखीचे उत्तर म्हणजे पीआरपी, अर्थात प्लेटलेट-समृद्ध प्लाझ्मा. रुग्णाच्या दंडातून थोडे रक्त काढतात, ते गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट मिसळतात आणि नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. नळी बाहेर काढली की थर स्पष्ट दिसतात: तळाला तांबड्या पेशी, त्यावर पांढुरकी पातळ साय, वर पिवळसर प्लाझ्मा. सायीजवळचा प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग सिरिंजमध्ये ओढून सांध्यात सोडतात. एरवी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. इथे त्या काही पटींनी वाढतात. त्यांच्या कणिकांतून वाढीचे घटक बाहेर पडतात आणि दुरुस्तीचे काम सुरू करण्याचा संदेश भोवतीच्या पेशींना देतात. कल्पना सुंदर आहे, आणि औषध रुग्णाच्याच रक्तातले असल्याने परकेपणाची भीती कमी.

पण प्रत्यक्षात फरक पडतो का? 2021 मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातील एक चाचणी प्रसिद्ध झाली. सौम्य ते मध्यम गुडघा-संधिवाताच्या 288 रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपीची आणि निम्म्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याची इंजेक्शने दिली होती. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या वेदनेत आणि कूर्चेच्या घनफळात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. इतर काही छोट्या चाचण्यांत पीआरपीचा लाभ दिसला आहे. तरीही माझा आग्रह आहे की नव्या अभ्यासकाने आधी हाच निबंध वाचावा. मिठाच्या पाण्यानेही माणसांना बरे वाटले, आणि ते का वाटले हे समजून घेणे या विषयाचाच भाग आहे.

‘कोणते इंजेक्शन चांगले?’ असे रुग्ण विचारतो. अभ्यासकाने विचारावे, ‘दुखापत कोणत्या ऊतीला आहे?’ गुडघ्यातील मेनिस्कस या चकतीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा आहे, आतल्या भागाला नाही. म्हणून एकाच चकतीतील दोन फाटी वेगळ्या वागतात. पूर्ण तुटलेले लिगामेंट इंजेक्शनाने जोडले जात नाही. कूर्चेतील एखादा मर्यादित खड्डा आणि सगळीकडून झिजलेला म्हातारा गुडघा यांच्यावर एकच तोडगा चालत नाही. खड्ड्यासाठी रुग्णाच्याच कूर्चापेशी प्रयोगशाळेत वाढवून परत बसवण्याची पद्धत स्वीडनमधील डॉक्टरांनी 1994 मध्ये 23 रुग्णांवरील अनुभवासह जगापुढे ठेवली. तिला मात्र शस्त्रक्रिया लागतेच.

स्टेम सेलच्या, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींच्या, बाबतीत तर फारच जपून बोलावे लागते. ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ हे नाव 1991 मध्ये रूढ करणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लन यांनीच पुढे ते बदलायला सांगितले, कारण या पेशी सांध्यात जाऊन नवी कूर्चा होण्यापेक्षा रसायने स्रवून भोवतालावर परिणाम करतात, असे त्यांना दिसले. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मान्यता नसलेले स्टेम सेल उपचार फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. शेत गहाण ठेवून अशा इंजेक्शनाचे पैसे भरायला निघालेल्या कुटुंबाला हे कोणीतरी आधी सांगायला हवे. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे यांचा पुरावा आजही अधिक भक्कम आहे. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो.

परभणीला या अभ्यासासाठी जमीन तयार आहे. इथले पशुवैद्यकीय महाविद्यालय जुने, आणि शर्यतीच्या घोड्यांच्या फाटलेल्या कंडरांवर अस्थिमज्जेतील पेशी वापरण्याचे काम पशुवैद्यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच हाती घेतले होते. 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी एका टेबलाशी बसावे, असे मला फार वाटते. त्यांच्यापुढे पहिले काम मोजमापाचे असेल. गुडघ्याच्या चाचण्यांत सर्रास वापरली जाणारी ‘वोमॅक’ प्रश्नावली 1980 च्या दशकात कॅनडात घडली. मोजे घालताना, गाडीत चढता-उतरताना, बाथटबमधून बाहेर येताना किती त्रास होतो, हे ती विचारते. मांडी घालून जेवायला बसता येते का, एक तास खुरपल्यावर कशाचाही आधार न घेता उठता येते का, हे प्रश्न तिच्यात नाहीत. ते इथल्या बायकांशी बोलूनच तयार करावे लागतील.