जुना सीआरओ घेतला, पण स्क्रीनवर रेषच नाही?

लगेच स्क्रू खोलू नका. सेकंडहँड ॲनालॉग ऑसिलोस्कोप ‘डेड’ वाटतो तेव्हा बऱ्याचदा नॉबच भलतीकडे फिरवलेले असतात. ट्रिगर ‘ऑटो’वर, इनपुट ‘ग्राउंड’वर, एक्स-वाय मोड बंद, पोझिशनचे नॉब मधोमध. आता इंटेन्सिटी हळूहळू वाढवा. नुसता ठिपका दिसला तर ती लगेच कमी करा, नाहीतर स्क्रीनवर कायमचा डाग पडतो.

रेष आली? मग दीड व्होल्टचा नवा सेल घ्या. कपलिंग डीसी, प्रोब १एक्स, ०.५ व्होल्ट प्रति डिव्हिजन. रेष साधारण तीन घरं वर उडी मारायला हवी. टाइमबेस तपासायला मोबाइलवरचं टोन जनरेटर ॲप चालतं (हो, खरंच!). हेडफोन जॅकमधून १ किलोहर्ट्झ दिला की ०.५ मिलिसेकंदावर एक लाट दोन घरांत बसते. व्हेरिएबल नॉब मात्र ‘कॅल’वर हवेत.

तरीही अंधारच? संशय पॉवर सप्लायवर, खासकरून म्हाताऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर. लो-व्होल्टेज लाइन्स मल्टिमीटरने तपासता येतात. पिक्चर ट्यूबकडे मात्र हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही चार्ज उरतो. तिथे साधा मीटर लावायचाच नाही, जाणकाराला बोलवा.